मोटारीचा डावा पाय

भर बाजारात दादामियाँनी मोटारीची दांडी पुढे जायच्या खुणेवर आणली, पाय दाबला, आणि मोटार जागची हलली नाही. नुसतीच गुरगुरली. त्यांनी दांडी खालीवर केली, बिस्मिल्ला म्हटले, पुन्हा पाय दाबला. तीच गुरगुर. शेवटी दांडी मागे जायच्या खुणेवर नेली मात्र, मोटार अशी सुटली की उत्तरेश्वर वाण्याच्या दुकानापुढच्या गुळाच्या ढेपांवर जाऊनच थांबली.

"जरा पुढं बघून चालवा की," उत्तरेश्वर ढेपेवरून उतरत म्हणाला.

"म्या पुढंच बघत हुतो. ही मागं बघायली," दादामियाँ म्हणाले.

मोटार साधीसुधी नव्हती. निजामाचे राज्य जायच्या जरासे आधी जागीरदारांनी ती अमेरिकेहून मागवली होती. तिला क्लच नावाचा प्रकारच नव्हता. गिअर आपले आपण पडत, माणसाने फक्त चाक धरायचे. डाव्या पायाला तिच्यात काही कामच नव्हते, आणि दादामियाँचा डावा पाय तसाही कामातून गेलेला होता. तरुणपणी बैलगाडीचे चाक गुडघ्यावरून गेले, तेव्हापासून तो पाय काठीसारखा ताठ. पुढे जागीर गेली, जागीरदार हैदराबादेस कायमचे राहायला गेले, आणि जाताना मोटार तिच्या ड्रायव्हरलाच देऊन गेले. तेव्हापासून मुरुम गावची बरी म्हणावी अशी एकही नवरी या मोटारीवाचून सासरी गेली नव्हती. रस्त्याने पाय ओढत चालणारे दादामियाँ चाकापाशी बसले की मान ताठ होई आणि मिशीला पीळ पडे. मोटारीत ते ड्रायव्हरसाहेब होते. खाली उतरले की लंगडे दादामियाँ. खाली उतरायची वेळ येऊ नये, एवढेच त्यांचे अल्लापाशी मागणे होते.

बघ्यांच्या गर्दीतून महालिंगप्पा पुढे आले. त्यांचा तेलाचा घाणा होता आणि पोट घाण्याला शोभेसे होते. त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"भजी कुटं तळायलेत रे?"

"कुटं न्हाय अप्पा. मोटारीतनं वास यायलाय," दादामियाँ म्हणाले. "तुमचंच तेल हाय."

महालिंगप्पांचा चेहरा उतरला. झाले होते ते असे. या मोटारीच्या गिअरबॉक्सला लागणारे तांबडे अमेरिकन तेल गेल्या दिवाळीत संपले. सोलापुरापर्यंत शोधले, कुठे मिळेना. तेव्हा महालिंगप्पाच म्हणाले होते, "तेल ते तेल. माझ्या घाण्याची करडई घाल, भेसळीचा थेंब न्हाय तिच्यात." दादामियाँनी घातली. मोटार चालली. चढ आला की भज्यांचा वास सुटे आणि वऱ्हाडी मंडळींना पंगतीच्या आधीच भूक लागे, एवढाच काय तो फरक. त्या शुद्ध करडईने आता गिअरबॉक्सचा निकाल लावला होता.

"अरे, पुढल्या आठवड्यात माझ्या शिवम्माचं लगीन हाय," महालिंगप्पा म्हणाले.

"तिला मागं मागं नेऊन सोडतो की नळदुर्गाला."

"वेड लागलं काय? पाठवणीची गाडी वेशीपातूर मागं सरू नये. मागं सरली की पोर माघारी येती म्हणत्यात. पोरीची आय चन्नम्मा मला घरात घ्यायची न्हाय. दुरुस्त कर न्हायतर बदल, पण मोटार पुढं गेली पायजे."

दुसऱ्या दिवशी मोटार उमरग्याला वजीर मिस्त्रीकडे निघाली. निघाली म्हणजे पाठमोरी निघाली. आता पाठमोरे चालवायचे तर मागे वळून बघायला हवे, आणि ताठ पायाने दादामियाँना सीटवर वळता येईना. म्हणून त्यांची बायको ताहेराबी शेजारच्या सीटवर मागे तोंड करून गुडघ्यांवर बसली. इतक्या वर्षांत ती या मोटारीत आज पहिल्यांदा बसत होती. गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवून तिची बोटे आणि जीभ दोन्ही सुईसारखी झाली होती.

"डावीकडं घ्या. अवो, माझ्या डावीकडं."

"तुझी डावी म्हंजे माझी उजवी का डावी?"

"ते तुमचं तुमी बघा. म्हशी यायल्यात तेवढं सांगते."

म्हशी चुकल्या, बोरीचे झुडूप चुकले नाही. पुढे वाटेत एका हवालदाराने हात केला.

"मोटार उलटी कामून चालवता?"

"सुलटी जात न्हाय म्हणून, साहेब."

हवालदाराने बराच विचार केला. उलटे जायला मनाई आहे असे त्याला कोणी शिकवले नव्हते. "मग सांभाळून जावा," तो म्हणाला आणि समोरून येणारी एस.टी. त्याने स्वतः थांबवून धरली. एस.टी.तली माणसे खिडक्यांतून अर्धी बाहेर आली. ताहेराबीने पदर सावरला आणि माहेरच्या ओळखीचे कोणी आहे का तेवढे बघून घेतले.

वजीर मिस्त्री ट्रकांचा माणूस होता आणि कशालाच नाही म्हणणारा नव्हता. तो मोटारीखाली शिरला, बाहेर आला आणि बोटे हुंगत म्हणाला, "चाचा, दोन रस्ते हायत. एक, हे उघडायचं, जळालं ते बदलायचं, परत बसवायचं. पण असलं म्या कधी उघडलं न्हाय, खोटं बोलत न्हाय. दुसरं, हे काढून टाकायचं. माझ्याकडं मोडक्या जीपचा गिअरबॉक्स पडलाय, क्लचसकट. तो बसवला तर मोटार जन्मभर पुढं पळंल."

"आन क्लच दाबू कुणाच्या पायानं?"

"ड्रायव्हर ठेवा की. तुमी मालकावानी शेजारी बसा."

"शेजारी बसून म्या काय करू?" दादामियाँनी विचारले.

दादामियाँनी मोटारीच्या चाकावरून हात फिरवला. परक्या माणसाने आपल्यासमोर हे चाक धरलेले त्यांच्याने बघवणार नव्हते.

"उघड," ते म्हणाले.

वजीरने गिअरबॉक्स उघडला. आत एवढे सामान निघाले की एक ताडपत्री पुरली नाही. चकत्या, कड्या, स्प्रिंगा, गोळ्या. पण वजीर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने त्याने सगळे ओळीने मांडले, म्हणजे परत बसवताना डोके चालवायला नको. जळालेल्या चकत्यांच्या जागी चामड्याच्या कापून घेतल्या आणि दादामियाँ-ताहेराबीला घेऊन तो जेवायला गेला.

तेवढ्यात लग्नाच्या काळजीने महालिंगप्पा तिथे येऊन पोचले. त्यांचा जन्म मालाच्या थप्प्या लावण्यात गेलेला. सांडलेला माल त्यांना बघवत नसे. त्यात गिअरबॉक्सची वाट आपल्या करडईने लागली, हेही मनाला लागून होते. काहीतरी हातभार लावावा म्हणून त्यांनी धोतराचा सोगा खोचला, एकेक भाग लख्ख पुसला आणि लहान ते लहानात, मोठे ते मोठ्यात असे नीट टोपल्यांत भरून ठेवले.

वजीर जेवून आला आणि टोपल्यांकडे बघत उभा राहिला.

"काय अप्पा हे?"

"निवडून ठिवलं. आता गवसायला सोपं जाईल."

वजीरने पुढे जे बसवले ते निव्वळ अंदाजाने. सगळे बसवून झाल्यावर ओंजळभर सामान उरले. "हे जास्तीचं हुतं वाटतं," महालिंगप्पा हळूच म्हणाले. मोटार सुरू केली. आता ती पुढेही जाईना आणि मागेही जाईना.

"एक बरं झालं चाचा," वजीर हात पुसत म्हणाला. "उघडायचं का बदलायचं, ह्यो सवालच मिटला."

जीपचा गिअरबॉक्स बसला. झकास बसला. दादामियाँ चाकापाशी बसले, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी क्लचवर ठेवला आणि जोर लावला. गुडघा वाकेना, जोर येईना. पाय हातांनी दाबावा तर चाक सुटे. मोटार एक उडी मारून वजीरच्या पाण्याच्या पिपावर आदळली आणि बंद पडली. दादामियाँ खाली बघत बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वजीर, बघ एखादा ड्रायव्हर," ते म्हणाले. "चांगला बघ. मोटारीला जपणारा."

ताहेराबी इतका वेळ बाहेर उभी होती. नवऱ्याचा हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. ती पलीकडच्या दाराने आत आली, शेजारी बसली आणि वाकून क्लच बघू लागली. मग तिने आपला उजवा पाय लांब करून तो दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

"एवढंच करायचंय? माझ्या शिवायच्या मशिनीचा पायटा याच्याहून जड हाय," ती म्हणाली. "वजीरभाई, हे जरा माझ्याकडं सरकवून द्या."

"अगं, मोटार दोघांनी चालवत्यात का कुटं?" दादामियाँ म्हणाले.

"मग ठिवा तुमचा ड्रायव्हर."

दादामियाँनी डावा पाय हातांनी उचलून बाजूला घेतला. वजीरने लोखंडाचा तुकडा जोडून क्लच ताहेराबीच्या बाजूला वळवून दिला.

लग्नापर्यंत दोघांची तालीम चालली. "दाब. सोड. हळू सोड, हळू." सुरुवातीला हुकूम जागीरदारी थाटात सुटत. पण एका सकाळी दादामियाँनी चहात साखर कमी का, असे विचारले, तर त्या दिवशी मोटार बेडकासारखी उड्या मारत गेली. दुसऱ्या दिवसापासून चहा गोड लागू लागला आणि मोटारही सरळ चालू लागली.

शिवम्माचे लग्न लागले. मोटारीला झेंडूच्या माळा चढल्या. मागे नवरानवरी, पुढे चाकापाशी दादामियाँ आणि शेजारी नवे लुगडे नेसलेली ताहेराबी. महालिंगप्पा जातीने बघत होते. मोटार मागे एक बोटभरही न सरता सरळ पुढे निघाली आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

वेशीपाशी मात्र शिवम्माला हुंदका आवरेना. मघाच्या गर्दीत आईला नीट भेटताच आले नव्हते. मागे धुळीत चन्नम्मा पदर तोंडाशी धरून धावत येत होती. मोटार हळू झाली आणि थांबली. दादामियाँनी पाय दाबला. इंजिन मोठ्याने गुरगुरले, मोटार हलेना. त्यांनी दचकून शेजारी पाहिले. ताहेराबीचा पाय क्लचवर घट्ट होता.

"सोड की."

"येऊ द्या तिच्या आईला."

"अगं, इथनं माघारी फिरायचं नसतंय."

"माघारी कोण फिरायलंय? थांबायला तर कुणी मना केलं न्हाय," ताहेराबी म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "म्या आले तवा लई रडले हुते. आमचा छकडा कुणी थांबवला न्हवता."

तो छकडा दादामियाँच हाकत होते. त्यांना घाई झाली होती, मागे काय चालले आहे ते त्यांनी वळूनही पाहिले नव्हते. चन्नम्मा येऊन पोचली, दार उघडले, मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नवरदेव अवघडून आभाळाकडे बघत होता.

दादामियाँनी हात पुढे करून इंजिनच बंद केले.

"पेट्रोल कशाला जाळायचं उगं," ते समोर बघत म्हणाले. "होऊ द्या सावकाश."

ताहेराबीने पाय मात्र क्लचवरून काढला नाही.