बुटांसाठी वेगळा कप्पा

बॅग कशी निवडावी हे खोकेसाहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तसं ते स्वतःच सांगत. काचेच्या पेल्यांच्या कारखान्यात एकवीस वर्षं ते खोकी तपासत होते, म्हणून सगळे त्यांना खोकेसाहेब म्हणत. रिकामं खोकं पास करायचं नाही, हा त्यांचा नियम. आत खरा माल भरायचा, खोकं तीनदा हलवायचं, कान लावून ऐकायचं आणि मगच शिक्का मारायचा. पेले बरेच फुटले, पण नियम कधी मोडला नाही.

त्यांच्या सासऱ्यांना मात्र ह्या अनुभवाचं कौतुक नव्हतं. सासरे विमानतळावर प्रवाशांचं सामान तपासणारे अधिकारी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी नजर अजून नोकरीवरच होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी जावयाने त्यांना छत्री भेट दिली होती. ती उघडायची झकास, पण मिटायची नाही, आणि सासऱ्यांना तशीच उघडी घेऊन बसमधून घरी यावं लागलं होतं. तेव्हापासून जावयाने काहीही आणलं की ते म्हणत, "ह्यांनी निवडलंय का? मग बघायला हवं." बायको ते ऐकून गप्प बसे, आणि तिचं ते गप्प बसणं खोकेसाहेबांना फार लागे.

शनिवार-रविवार सासरी जायचं ठरलं, तेव्हा बुटांसाठी वेगळा कप्पा असलेली बॅग घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं. तीन आठवडे जेवताना दुसरा विषय नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "अहो, सोमवारी घेऊनच टाका एकदाची. नाहीतर आपण पुढच्या वर्षी जाऊ."

सोमवारी दुकानात चौदा बॅगा उघडून झाल्यावर एक निळी त्यांच्या मनात भरली. पण रिकामी पास कशी करणार? त्यांनी पायातले तपकिरी बूट काढून कप्प्यात घातले. विक्रेतीने तोवर दुकानातल्या रबरी चपला पुढे केल्या. साहेबांनी बॅग तीनदा हलवली, कान लावला, मग नाकही लावलं.

"आवाज नाही, वास नाही. आत बूट आहेत हे कळतसुद्धा नाही."

"नाहीच कळत," विक्रेती म्हणाली.

"हीच द्या. पण ही नमुन्याची नको. सीलबंद असेल ती द्या."

सीलबंद बॅग आली आणि साहेब मोठ्या समाधानाने निघाले. घराच्या जिन्यात फटक-फटक असा आवाज कुठून येतोय, हे बघायला ते खाली वाकले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. दार उघडताच बायकोने विचारलं, "बूट कुठेत?"

"दुरुस्तीला टाकलेत," साहेबांनी ठोकून दिलं.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी चोरून दुकानात फोन लावला. विक्रेती म्हणाली, "तो नमुना दुपारीच गेला, साहेब. एका बाईंना तीच बॅग हवी होती, आणि सीलबंदमधली शेवटची तुम्ही नेलीत." साहेबांनी निमूटपणे नवे काळे बूट घेतले. ते पहिल्या दिवसापासून चावायला लागले.

शनिवारी सासरी चहा झाल्यावर बायकोने एक मोठं पुडकं सासऱ्यांपुढे ठेवलं. "बाबा, तुमच्यासाठी. आणि आज 'बघायला हवं' म्हणायचं नाही. ह्यांनी तीन आठवडे पारखून जी बॅग घेतली, तशीच आणलीय. ह्यांनाही सांगितलं नाही मी." साहेबांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग कागद सुटला. बॅग निळी होती आणि तिच्या मुठीवर 'नमुना' अशी चिठ्ठी होती.

सासऱ्यांनी चष्मा चढवला, बाह्या सरसावल्या आणि एकेक कप्पा उघडायला घेतला.

"बाबा, अजून थोडा चहा घेऊ या?" साहेब म्हणाले.

तपासणीच्या वेळी माणूस चहाचा विषय कधी काढतो, हे सासऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी बुटांच्या कप्प्याची चेन ओढली आणि तपकिरी बूट काढून टेबलावर मांडले. डाव्या बुटाला काळी नाडी होती. ती बायकोनेच घातलेली होती. तिने बुटांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली.

"हे सामान कुणाचं?" सासऱ्यांनी विचारलं.

दुकानावर ढकलणं सोपं होतं. पण बायकोचा उतरलेला चेहरा साहेबांना बघवेना.

"माझं."

"बॅग तुम्ही स्वतः भरलीत?"

"हो. हलवूनही बघितली." आणि त्यांनी दुरुस्तीच्या थापेसकट सगळं सांगून टाकलं.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "पस्तीस वर्षांत पहिल्याच प्रश्नाला खरं बोललेला माणूस तुम्ही पहिलेच," ते म्हणाले. मग त्यांनी कप्प्यात नाक घातलं. "पाच दिवस बूट आत होते, आणि वास नाही. पोरगी इथवर घेऊन आली, तिलाही पत्ता नाही. चांगली निवडलीत हो बॅग."

बायको हसली. एवढ्या वर्षांत खोकेसाहेबांना कुठला शिक्का इतका गोड लागला नव्हता. दाराशी काढलेले चावरे बूट त्यांनी निळ्या बॅगेच्या कप्प्यात टाकले, जुने चढवले आणि रविवारी छाती पुढे काढून घरी परतले.

"नवे बूट बरोबर घेतलेत ना?" बायकोने विचारलं.

"म्हणजे काय? कप्प्यात आहेत." त्यांनी आपल्या निळ्या बॅगेची चेन ऐटीत ओढली. कप्पा रिकामा होता. तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू," पलीकडून सासरे म्हणाले, "आज माझ्या बॅगेत काळे सापडलेत. हे सामान कुणाचं?"

"माझं," साहेब पहिल्याच प्रश्नाला म्हणाले.