शंभूबुवांच्या खेळातला जयराम

कॉम्प्युटरवरचा राक्षस मारण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. मालवणजवळच्या कट्टा गावात, बसस्टॉपसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी पाच-सहा गिऱ्हाइकं ताटकळत असतात आणि शंभूबुवा माउस सोडून हात जोडतात. "बा देवा म्हाराजा, आज ह्या गुहेत शिरतंव. ह्या सहाय लेकरांका सांभाळ, आणि समोरच्याचो घाव फुकट घालव रे म्हाराजा." गुहा कसली, लेकरं कुणाची, हे गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. पण जन्माची सवय. सगळी एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा."

खेळ असा, की सहा जणांची टोळी घेऊन एका लांबलचक गोष्टीतून हिंडायचं. वाटेत कोण भेटेल त्याच्याशी बोलायचं, नाहीतर लढायचं. लढाई आळीपाळीने. आपला एक मारणार, मग त्यांचा एक, मग आपला दुसरा. राक्षस तलवार उगारून आपली पाळी येईपर्यंत अदबीने उभा. मी या सभ्यपणाला हसलो, तर बुवांना राग आला. "हसतंस कित्याक? डबलबारी काय वेगळी आसा?"

तेही खरं. आमच्याकडे जत्रेत दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. एकाने आपली बारी गायची, गाता गाता समोरच्या बुवाची सालं काढायची, आणि मग गप बसून स्वतःची काढून घ्यायची. शंभूबुवांनी तीस वर्षं हेच केलं. पुढे गळा बसला, मंडळ मोडलं, आणि मुंबईच्या भाच्याने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरमधून हा खेळ कट्ट्याला आला.

खेळातली गोष्ट इंग्रजीत आहे. बुवा ती मोठ्याने मालवणीत सांगतात. राणी सिंहासनावरून गरजते, "माझो मुकुट खंय आसा?" खाली तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. बुवा निवडत नाहीत, रांगेला विचारतात. एकदा मासळीवाली हसीनाबी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली होती. ती म्हणाली, "खोटा बोला नको, बुवा. त्या राणयेक सगळा ठावक आसा. तोंडावर दिसता तिच्या." बुवांनी खरं सांगितलं. राणीने सहाही जणांना कोठडीत घातलं. हसीनाबीने मालवणच्या दोन गाड्या सोडल्या, त्यांना कोठडीतून बाहेर काढायला लावलं, मगच गेली. झेरॉक्स तशीच विसरून.

त्या सहा जणांना बुवांनी आपल्या जुन्या मंडळाची नावं दिली आहेत. दोघे आता हयात नाहीत, पण खेळात ठणठणीत आहेत. जखमा बऱ्या करण्याचं काम तर कैलासवासी पेटीवाल्या नानांकडेच आहे. मी मंडळात झांज वाजवायचो. मला त्यांनी चोर केलंय.

"कुलपा उघडूक एक लागताच," बुवा म्हणाले. "आणि तुझो चेहरो तसोच आसा."

सहावा जयराम. ढाल-तलवार घेऊन उभा असतो आणि दहातले आठ घाव हवेत मारतो. शेवटच्या राक्षसाने बुवांना अकरा वेळा लोळवलं ते याच्यापायी. खेळातच एका खानावळीत एक धिप्पाड लढवय्यी बाई रिकामी बसलेली आहे. बोलावली की येते. फक्त टोळीत सहाच माणसं चालतात, म्हणजे एकाला काढावं लागतं. हे आता अख्ख्या बाजाराला पाठ झालंय. टपाल टाकायला आलेला पोस्टमनही सांगून गेला, "बुवानु, जयरामाक बसवा. त्या बायेक घेवा." बुवा म्हणाले, "टपाल ठेव आणि जा."

हा सल्ला मी कधी दिला नाही, कारण एका जत्रेत जे झालं ते मी पाहिलं होतं. जयराम आमचे पखवाजी. त्यांचे हात कापायला लागले होते आणि समोरचं मंडळ नावाजलेलं होतं. बुवांनी कुडाळहून एक तरणा पखवाजी आणला आणि जयरामांना कळवलंच नाही. ते धुतलेला सदरा घालून, पखवाज चादरीत गुंडाळून देवळात आले, तर त्यांच्या जागी दुसराच बसलेला. आम्ही ती बारी जिंकलो. जयराम त्यानंतर बुवांशी बोलले नाहीत. घर दोन वाड्या पलीकडे.

गेल्या महिन्यात ते दुकानात आले. पेन्शनीसाठी दरवर्षी यंत्रावर अंगठा देऊन हयातीचा दाखला काढावा लागतो. आजवर त्यासाठी ते मालवणला जात. आता गाडीची पायरी चढवत नाही, आणि कट्ट्यात ते यंत्र बुवांकडेच.

बुवा नेमके शेवटच्या राक्षसासमोर होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच पडद्याकडे. तेवढंच सोपं होतं. जयरामांनी इंग्रजी अक्षरं सावकाश जुळवली.

"ह्या माझा नाव?"

"व्हय."

"मी काय करतंय थंय?"

"चुकतंस."

जयराम पडद्यावरच्या त्या ढालवाल्याकडे बघत राहिले.

"मगे काढ मेल्या माका. दुसरो कोण तरी घे."

"एकदा काढलंय," बुवा म्हणाले.

त्यांनी यंत्र पुढे सरकवलं. जयरामांचा अंगठा काचेवर ठरेना. दोनदा लाल दिवा लागला. तिसऱ्या वेळी बुवांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबून धरला. हिरवा लागला. दाखला छापून बाहेर आला, तरी हात सुटला नव्हता.

"घाव तरी मार," जयराम म्हणाले.

बुवांनी मारला. चुकला. थोड्याच वेळात सहाही जण आडवे झाले, चोरासकट.

"हरलंव?"

"हरलंव."

"परत लावूक येता?"

"येता."

जयरामांनी दाखल्याची घडी करून खिशात घातली आणि स्टूल पुढे ओढलं.

"मगे लाव."