विजेच्या रथाची घाटउताराची हकीकत

श्रीकृपेकरून जें ऐकिलें तें लिहितों, न ऐकिलें तें पदरचें घालीत नाहीं. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. ते समयीं एके राज्यीं विजेचे रथ आले आणि दरबारीं वाद माजला कीं, गांवांत मिरवावयास ठीक, परंतु लांबचे मजलेस हे पुरतील काय? मग स्वामींनीं तीस वर्षांचे जुने सारथी सुभानजी यांस आज्ञा केली कीं, "तुमची लेक सासरीं परमुलखास निघाली, तिचें जहाज उदईक दिवेलागणीस सुटणार. हा रथ घेऊन बंदरीं जा, निरोपही होईल, परीक्षाही होईल." लेक कृष्णी आतां पांच वर्षें दिसणार नव्हती. सुभानजी व त्यांची बायको लाडूबाई पहांटेस निघाले आणि रथ ऐसा चालिला कीं चाकांचा आवाज तेवढा यावा, आणि मग घाटमाथां वीज भरावयाचे ठाणें लागलें, तों तेथें वीजच गेलेली! रथांत शंभरांपैकीं बारा अंश उरले आणि बंदर वीस कोस. लाडूबाई रडकुंडीस आल्या.

सुभानजी बोलिले, "घाबरतेस काय? उतार आहे. तीस वर्षें उतारावर न्यूट्रल करून तेल वांचविलें, आतां वीज वांचवितों." ऐसें म्हणून न्यूट्रल केलें आणि ब्रेक दाबीत उतरूं लागले, तों अर्ध्या घाटांत बाराचे अकरा जाहले आणि ब्रेकांस जळका वास सुटला. येथें आम्हांसही कोडें पडलें कीं, उतारावर खर्च कसला? लाडूबाईंची नजर रथांतील विजेचा हिशेब दाखविणाऱ्या पडद्यावरून हलेना. त्या म्हणाल्या, "अहो, मघां त्या वळणावर तुम्ही गिअर टाकून पाय उचललात ना, तेव्हां एक बाण उलटा, बॅटरीकडे धांवत होता. न्यूट्रल केलेंत आणि बाण गेला."

"तुला काय कळतें गाडीतलें?"

"गाडीतलें नाहीं कळत. बाण कुठें जातो तें दिसतें. लेक तिकडे वाट पाहत्येय, आणि तुमचें आपलें तीस वर्षें, तीस वर्षें!"

सुभानजी मनीं खजील जाहले, गिअर टाकिला, पाय उचलिला, आणि काय आश्चर्य! रथ आपसुक हळू होऊं लागला, चाकेंच वीज करूं लागलीं, अकराचे बारा, बाराचे तेरा, पायथ्यास चौदा. मग खालील सोळा कोस, इतका वेळ उतारावरही वीज खात असलेलें थंड हवेचें यंत्र बंद करून, घामाघूम होऊन, एक अंश शिल्लक असतां बंदरीं दाखल जाहले. जहाजाची फळी काढावयास अर्धी घटका होती. मायलेकी गळ्यांत पडल्या. सुभानजी लेकीच्या डोईवर हात ठेवून उभे राहिले. जहाज सुटलें.

तेलाचा रथ असता तर सुभानजी टाकी भरून तैसेच माघारीं फिरते, कीं चाकरी मोठी. परंतु रथ भरावयास तीन तास लागणार होते. म्हणोन उभयतां धक्क्यावर बसून राहिलीं आणि जहाजाचा शेवटचा दिवा दिसेनासा होईतों पाहत राहिलीं.

मग दरबारीं पुसलें, "लांबचे मजलेस रथ पुरतो काय?" उत्तर केलें, "पुरतो. उतारावर गिअर सोडूं नये." पुसलें, "भरावयास वेळ फार लागतो म्हणतात?" सुभानजी बोलिले, "लागतो, महाराज. बरें जाहलें, लागतो." इतकेंच वर्तमान. वाचणारांनीं सुखरूप पोंचावें.