टाच खरं सांगते

आमच्या मजल्यावरचे कर्णिक सर माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलायचे नाहीत. पायांकडे बघून बोलायचे. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आचोळ्याला एकदाचे राहायला आले आणि ‘वसई तालुक्यातली विषमता’ असलं काहीतरी संशोधन काढून बसले. साधन काय, तर दाराबाहेरच्या चपला!

“उत्पन्न माणूस तोंडाने सांगतो, सावंतबाई. टाच खरं सांगते.”

टाच झिजलेली म्हणजे रिक्षा परवडत नाही, स्टेशनपर्यंत पायी. दुसऱ्या मजल्यावर कुणी स्पोर्ट्स शूज आणले, तर सर जिन्यातच ओरडले, “उदारीकरण इथवर आलं!” वरचा मजला गळायचा, तिथवर ते काही चढलं नाही. वसईच्या होळी बाजारातून भाजी घेऊन येणारी म्हातारी त्यांना फैलावर घ्यायची, “मास्तर, वांगी बगा की! पाय काय बगता?” पाटलांच्या सत्यनारायणाला तर पाहुण्यांनी त्यांना चप्पलचोर म्हणून धरलंच होतं. मी मध्ये पडले म्हणून सुटले.

कर्णिकवहिनींना मात्र आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. दाराबाहेर त्यांच्या चपला असायच्या, बस्स. हळदीकुंकवाला बोलावलं की सर म्हणायचे, “तिला जमायचं नाही.” एवढा कसला तोरा, असं मला वाटायचं.

पुढे सोसायटीने ठराव केला, जिन्यात चपला नकोत. सेक्रेटरी मी. सगळ्यांनी मुकाट उचलल्या. सर तेवढे सभेत भांडले. “चपला गेल्या तर माझं काम संपलं!” सगळे फिदीफिदी हसले. मीही.

रविवारी मी तणतणत त्यांच्या दाराशी गेले आणि वहिनींची जोडी मीच उचलली. सरांनी लावलेली खोड, आधी टाच बघितली. पुसून पुसून पट्टे विटले होते, पण टाच कोरी. तळाला मातीचा कण नाही.

सर दारात उभे होते.

“गृहप्रवेशासाठी घेतल्या होत्या तिने. ब्लॉकही तिनेच बुक केलेला, शाळेच्या पगारातून. ताबा मिळायच्या आधीच गेली,” ते म्हणाले. “बाहेर दिसल्या की वाटतं, आत आहे.”

ठराव गेला खड्ड्यात! वहिनींच्या चपला होत्या तिथे नीट ठेवल्या, शेजारी माझ्या काढल्या आणि आत गेले.

“चहा टाकता ना, सर?” मी विचारलं.

सर पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होते.