नऊ साक्षीदारांची मोटार

गाडीला आणखी किती मीटरं बसवायची, हा प्रश्न कमलाकरराव वकिलांनी एका रविवारी सकाळी थेट स्वयंपाकघरात सुनावणीला घेतला. पद्मजाबाई ज्वारीचं पीठ चाळत बसल्या होत्या. वकिलांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेलं खोकं त्यांच्यापुढे उपडं केलं आणि पितळी कडांची, काचेच्या तोंडाची चौदा लहानमोठी मीटरं फरशीवर घरंगळली. त्यातलं एक थेट चुलीपाशी जाऊन थांबलं.

"यातली निवडायची आहेत," वकील म्हणाले. "हे पाणी किती तापलं ते सांगतं. दोनशेबाराला उकळतं. हे तेलाचा दाब. आणि हे, बॅटरीत वीज येते की जाते ते."

"मग झाली की तीन. ती घ्या आणि बाकीची उचला. मला भाकरी टाकायच्या आहेत."

"तीन कशी? उद्या पाण्याचं मीटर खोटं बोललं तर? अगं, एका साक्षीदारावर दावा उभा राहत नाही. दुजोरा पाहिजे."

दारव्ह्याच्या कोर्टात वीस वर्षं काढलेल्या माणसाचं असंच व्हायचं. दूध नासलं म्हणून पद्मजाबाईंनी सांगितलं, तर ते मुलीला, कुंदालाही, वास घ्यायला लावत आणि मगच चहा कोरा प्यायचा की नाही ते ठरवत. त्यामुळे पाण्याची दोन, तेलाची दोन, विजेची दोन अशी सहा मीटरं त्या सकाळी मंजूर झाली.

सातवं जिनिंग फॅक्टरीतल्या भगवानराव फिटरनं दिलं. ते जुन्या बॉयलरचं होतं, जेवायच्या ताटलीएवढं. दोनशे पौंडांपर्यंतचे आकडे असलेल्या त्या मीटरचा काटा मोटारीच्या तेलानं जेमतेम जागचा हलायचा. पण वकिलांनी त्याला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून ठेवून घेतलं. आठवं घड्याळ होतं. नववं लढाईतल्या विमानाचं निघालं. ते समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवायचं.

"हे कशाला?" पद्मजाबाईंनी विचारलं. "आपण काय उडून जाणार आहोत?"

"यवतमाळ दारव्ह्याहून उंचावर आहे. गाडी किती चढली, हे नको का कळायला?"

यवतमाळला जाणं ही त्या घरातली नाजूक बाब होती. १९३६ सालची ती काळी मोटार वकिलांनी अमरावतीच्या एका निवृत्त साहेबाकडून घेतली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात ती पाच वेळा यवतमाळला निघाली आणि पाचही वेळा, वकील बोरी अरबच्या पुढच्या चढावर इंजिनाचा आवाज तपासायला थांबले की, वाफ सोडून बसली. चढाच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथला रूपसिंग आपली बैलजोडी लावायचा आणि गाडी दारव्ह्याला ओढून आणायचा. पाचव्या खेपेला भर बाजाराच्या दिवशी बैलांमागून गावात शिरताना पद्मजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवसांनी जेवताना त्यांनी निकाल दिला होता.

"कुंदाचा साखरपुडा यवतमाळला माझ्या भावाकडे, किसनकडे आहे. त्या दिवशी ही गाडी बैल न लावता पोचली तर ठेवा. बैल लागले, तर किसन ती घेऊन जाईल. त्याला पिठाच्या गिरणीला इंजिन पाहिजेच आहे. मी पत्र टाकलं त्याला."

गिरणी हा शब्द ऐकून वकिलांच्या हातातला घास तसाच राहिला होता. त्या धसक्यातूनच ही नऊ मीटरं आली. भगवानरावांनी ती बसवायला समोरची फळी तर भरलीच, शिवाय सामान ठेवायच्या खणाचं दारही काढून टाकलं. प्रत्येक मीटरमागे एकेक छोटा दिवा लावला. गाडी पुढून बघितली की आत दिवाळी असल्यासारखं वाटायचं.

मग चाचण्या सुरू झाल्या. रोज सकाळी दिग्रसच्या रस्त्यानं चार मैल जायचं आणि परत यायचं. पद्मजाबाईंनी शेजारी बसून आकडे वाचायचे, असं ठरलं.

"उजव्या पाण्याचा काटा एकशेऐंशीवर आहे हो."

"तू सांगून उपयोग नाही. तू बघितलंस आणि मी ऐकलं, म्हणजे तो ऐकीव पुरावा झाला. मला प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे."

प्रत्यक्ष पाहता पाहता गाडी रस्ता सोडून कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत शिरली. दुसऱ्या दिवशी एका बाभळीनं दिव्याची काच घेतली. तिसऱ्या दिवशी वकिलांनी गावचा नाका ओलांडल्यावर गाडी थांबवली आणि पद्मजाबाईंना जागा बदलायला लावली.

"तू नुसतं चाक धर. चालवणार मीच. मी मीटरं बघून सांगतो तसं करायचं."

नुसतं चाक धरणं म्हणजे क्लच दाबणं, गिअर टाकणं, ब्रेक लावणं आणि म्हशी चुकवणं, हे सगळं त्यात आलंच. पहिला आठवडा पद्मजाबाई वकिलांच्या प्रत्येक हुकमाची वाट बघायच्या. दुसऱ्या आठवड्यात वकिलांनी "आता बदल" म्हणायच्या आत त्यांचा गिअर पडलेला असायचा. वकिलांची मान मीटरांतून वर येत नसे, त्यामुळे त्यांना पत्ता नव्हता. परतताना नाक्याच्या अलीकडे जागा पुन्हा बदलायच्या आणि गावात वकील ऐटीत गाडी आणायचे.

एक गोष्ट पद्मजाबाईंच्या तेव्हाच लक्षात आली. गाडी चालती असली की तापत नसे. दोन मीटरांत फरक पडला की वकील गाडी थांबवून, इंजिन चालू ठेवून चौकशी करत बसायचे आणि तेव्हाच ती उकळायला लागायची. त्यांनी तसं सांगूनही पाहिलं.

"हे तुझं मत झालं," वकील म्हणाले. "मत म्हणजे पुरावा नव्हे."

आणखीही एक गोष्ट घडली होती, ती त्यांनी कोणालाच सांगितली नाही. त्यांचा त्या गाडीवर जीव जडला होता. सकाळच्या गार वाऱ्यात मोकळा रस्ता समोर आला आणि पायाखाली इंजिन घुमायला लागलं, की त्यांना इतका आनंद व्हायचा की घरी येऊन भाकरी थापतानाही डाव्या पायानं क्लच दाबला जायचा. आणि भावाला पत्र तर आपणच टाकलेलं! ते परत मागवायचं म्हणजे नवऱ्यापुढे हार मानायची. तेवढं त्यांच्यानं होईना.

साखरपुड्याचा दिवस चैत्रातला, साल एकसष्ट. मुहूर्त अकराचा. सातलाच निघाले. व्याही मंडळी बघणार म्हणून आज चाक वकिलांच्या हातात. शेजारी पद्मजाबाई, मागे कुंदा आणि तिच्या मांडीवर साखरेच्या पुड्यांचं ताट. नऊच्या नऊ दिवे लावलेले, कारण सावलीत वकिलांना आकडे नीट दिसत नसत.

बोरी अरबपर्यंत चौकशीसाठी चार वेळा थांबून झालं आणि नऊ वाजले. चढ अर्धा झाला तोच वकिलांनी पुन्हा करकचून ब्रेक लावला.

"डावं म्हणतं एकशेसत्तर, उजवं म्हणतं दोनशे. दोघांपैकी एक जण खोटं बोलतो आहे."

"अहो, बोलू द्या ना! चालवा पुढं," पद्मजाबाई म्हणाल्या.

"बाबा, त्या मीटरांचं जुळेपर्यंत माझं मोडेल," कुंदा मागून म्हणाली.

वकील हलले नाहीत. इंजिन जागच्या जागी धडधडत राहिलं. ऊन चढत होतं. पाच मिनिटांनी वकिलांचा चेहरा उजळला.

"जुळली! बघ, दोघांची साक्ष जुळली! दोघंही दोनशेबारा म्हणतात!"

तेवढ्यात समोरून फस्स आवाज झाला आणि गाडी वाफेत दिसेनाशी झाली.

वाफ ओसरली तेव्हा रूपसिंग बैलजोडी घेऊन शेजारी उभा होता. त्याच्यामागे त्याची बायको जमनी पाण्याच्या दोन कळशा घेऊन आली होती.

"रामराम वकीलसाब. आज पोरीचा साखरपुडा हाय, हे ठाव होतं मले. म्हून सकायपासून जुपूनच ठेवले बैल. लावू काय?"

"खबरदार! बैलाचं शिंगसुद्धा लागता कामा नये गाडीला!"

इंजिन गार करून पाणी ओतण्यात अर्धा तास गेला. वकिलांनी स्टार्टरचं बटण दाबलं. गाडी कण्हलीसुद्धा नाही. नऊ दिव्यांनी जवळजवळ तीन तासांत बॅटरी पार पिऊन टाकली होती.

"विजेची मीटरं काही बोलली नाहीत का?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"बोलत होती," वकील पडक्या आवाजात म्हणाले. "पण पाण्याचं प्रकरण चालू होतं. तो मुद्दा मी मागं ठेवला."

मग त्यांनी हँडल काढलं, पुढून घातलं आणि जोर लावला. हँडलनं उलटा झटका दिला. वकील मनगट धरून मटकन खाली बसले, ते बसलेच. मनगट बघता बघता सुजलं.

दहाला पाच कमी होते. यवतमाळ अजून सोळा-सतरा मैल होतं. रूपसिंगनं दोर सोडला आणि बैल पुढे घेतले. वकिलांनी मान फिरवली. हे बघवत नाही, असंच तोंड झालं होतं त्यांचं. पद्मजाबाईंनी एकवार त्या काळ्या बॉनेटकडे पाहिलं. हे इंजिन उद्यापासून पीठ दळणार! त्यांनी पदर खोचला.

"रूपसिंग, बैल बाजूला घे."

"मंग गाडी कोन ओढंन, बाईसाब?"

"कोणीच नाही. तू हँडल मार. अंगठा बाहेर ठेवून मार."

त्या चाकामागे जाऊन बसल्या. वकील धडपडत उठले.

"अगं, तुझ्याकडे लायसन नाही!"

"मग वकील कशाला केला मी? पकडलं तर सोडवा. बसा आत."

त्यांनी मीटरांच्या दिव्यांची तार हिसकून काढली. वकिलांच्या गळ्यातलं जरीचं उपरणं ओढलं आणि नऊच्या नऊ मीटरांवर पसरून टाकलं.

"पद्मजा! साक्षीपुरावा झाकते आहेस तू!"

"निकाल लागला की काढते."

रूपसिंगनं दुसऱ्याच हिसक्यात इंजिन जिवंत केलं. पुन्हा बंद पडलीच तर हँडल मारायला म्हणून तो बैल जमनीच्या हवाली करून पायरीवर उभा राहिला.

"आता चढाले थांबू नका, बाईसाब," तो खिडकीतून ओरडला. "आमचे आजे बैलाइवर मीठ लादून याच वाटेनं जाये. पन चढावर बैल कधीच उभा नाही करे!"

"थांबतं कोण!" पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी क्लच सोडला.

चढ संपला, तेव्हा कुंदानं मागे टाळी वाजवली आणि एक साखरेचा पुडा खाली पडला. पद्मजाबाईंनी लाडखेडला गाडी थांबवली नाही, पुढे बकऱ्यांचा कळप आला तरी नाही. नुसता भोंगा वाजवत त्यांनी वाट काढली. वकील दुखरा हात मांडीवर घेऊन बसले होते. दर मैलाला त्यांचा दुसरा हात उपरण्याकडे जायचा आणि दर मैलाला पद्मजाबाई नुसत्या "हं" म्हणायच्या. हात मागे यायचा.

अकराला सात कमी असताना गाडी किसनरावांच्या दारात उभी राहिली. ओट्यावर व्याही मंडळी बसलेली. कडेला किसनराव आणि त्यांच्याबरोबर पान्यांची पिशवी घेतलेला एक फिटर. चाकामागे पद्मजाबाईंना बघून ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

किसनरावांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो बैलांचाच.

"ताई, बैल लागलेच असतील. तो बैलवाला तर सोबतच येऊन राहिला."

"रूपसिंग," वकील एकदम कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "देवाशपथ सांग. गाडीला बैल लागले?"

"नाही लागले. बाईसाबनं आनली, एका दमात."

"भाऊजी, एकाच साक्षीदारावर?" किसनराव हसले. "तुम्ही तर दोन मागता."

"चांगला असला तर एक पुरतो," वकील म्हणाले. स्वतःचं वाक्य ऐकून तेच जरा चपापले.

पण पद्मजाबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. मुलाची आई, मथुराबाई, ओट्यावरून उतरून गाडीकडे येत होत्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसेना. मुलीची आई मोटार हाकते, म्हणून जमलेलं मोडतंय की काय, या भीतीनं पद्मजाबाई चाकामागून उतरल्याच नाहीत. मथुराबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. धुळीनं भरलेल्या बॉनेटवरून बोट फिरवलं.

"दारव्ह्यापासून तुम्हीच आणली?"

"नाही. बोरी अरबपासून," पद्मजाबाई म्हणाल्या. खोटं बोलायची आता गरज नव्हती. "तिथपर्यंत ह्यांनी आणली. म्हणून तर उशीर झाला."

"आमच्याकडे दोन मोटारी आहेत," मथुराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तीस वर्षं मी मागच्या सीटवर बसते. पुढं काय असतं ते बघितलंच नाही कधी." मग ओट्याकडे वळून त्यांनी आवाज चढवला. "गुरुजी, पाच मिनिटं थांबा. मी विहीणबाईंबरोबर बसस्टँडपर्यंत जाऊन येते."

"अहो, मुहूर्त!" ओट्यावरून कोणीतरी म्हणालं.

"माझ्याशिवाय कसा लागतो, तेच बघते!"

त्या पुढे बसायला आल्या, तेव्हा वकिलांना मागे सरकावं लागलं. मागे कुंदा आधीच हसून हसून डोळे पुसत होती. इंजिन चालूच होतं आणि रूपसिंगनं पायरीवरची आपली जागा सोडली नव्हती.

"ताई, मग इंजिनाचं काय?" किसनरावांनी खिडकीशी येऊन विचारलं. "हा फिटर सकाळपासून बसला आहे."

"त्याला जेवायला वाढ," पद्मजाबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या गिरणीला दुसरं इंजिन बघ. ही गाडी माझी आहे."

"तुझी?" मागून वकील म्हणाले.

पद्मजाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि यवतमाळच्या भर रस्त्यात भोंगा दाबला.