जरा चालून दाखवा

पिंपरीच्या आमच्या औषधाच्या कारखान्यात, फाटकावर धोंडिबा नावाचा पहारेकरी होता. हा गडी माणसाला चेहऱ्यावरून ओळखायचाच नाही. मी समोर उभा राहून हसलो तरी ढिम्म. चार पावलं टाकली की म्हणे, "या भाऊ. आज उजवा पाय दुखतोय जनू." आणि तो खरंच दुखत असे!

याचं मूळ चाकणकडच्या बैलगाडा शर्यतीत. भर घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरच, धोंडिबा गाड्यावरून डोक्यावर आपटला. शुद्धीवर आला तो बायकोलाच विचारू लागला, "तुमी कोन म्हनायच्या?" तिने कपाळावर हात मारला, बांगड्या वाजल्या, तेव्हा कुठे ओळख पटली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठणठणीत, बुद्धी शाबूत. मेंदूतला चेहरे ओळखणारा भाग तेवढा दुखावलाय. धोंडिबाचं म्हणणं एवढंच, "नाक दिसतं, मिशी दिसती, पर मानूस लागत न्हाई." सलूनमधल्या आरशाला त्याने राम राम केलेला मी स्वतः पाहिलाय.

एकदा मोठे साहेब नव्या चपला घालून आले. धोंडिबाने फाटक अडवलं. साहेब कडाडले.

"आवाज सायबाचा हाय, चाल न्हाई," धोंडिबा शांतपणे म्हणाला. "चपला काढून जरा चालून दाखवा."

आणि काय सांगू, साहेब चालले हो! सगळी शिफ्ट बघत असताना, अनवाणी.

त्याचा मुलगा हणमंत अपघाताआधीच पलटणीत भरती झाला होता. तिकडे जिवाला घोर नको म्हणून त्याला कोणी काही कळवलं नव्हतं. तो पहिल्यांदाच रजेवर येणार म्हटल्यावर धोंडिबाने मला गाठलं.

"भाऊ, देहूरोडच्या टेसनावर चला संगं. पोरानं हाक मारायच्या आदी बापानं वळखाया पायजे. न्हाईतर काय वाटंल त्याला?"

त्याची बायको तापाने पडली होती. मी तर हणमंताला कधी पाहिलंही नव्हतं. तरी निघालो.

गाडी थांबली आणि डब्यांतून जवानच जवान उतरले. तीच वर्दी, तेच बूट. आणि घात असा, की पलटणीने सगळ्यांची चालसुद्धा एक करून टाकली होती. धोंडिबाने कान टवकारले, मान हलवली.

मग तो हात पसरून धावलाच. पहिल्या जवानाला कडकडून मिठी. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. एक उंच सरदारजीही सुटला नाही. जवान खुशीत मिठीत येत होते. त्यातला एक मात्र मिठी सोडेना.

"आबा, समद्यांना भेटत सुटलास व्हय?"

"तुजे सोबती न्हवं का त्ये?" धोंडिबाचा आवाज कापत होता. "तुला तर गाडीत व्हतास तवाच वळखला."

पोरगा खुलला. मला भरून आलं.

फलाट संपेपर्यंत धोंडिबा अखंड बोलत होता, पण हणमंताच्या वर्दीची बाही त्याने मुठीतून सोडली नाही. भोवती तसल्याच वर्द्या चालल्या होत्या. बाही सुटली असती, तर त्याला पुन्हा सगळ्यांना मिठी मारावी लागली असती.