गुरांच्या बाजारातली गोधडी

ए, मध्ये बोलायचं नाही, नुसतं ऐक. आमच्या वैदेहीला काही फार नको होतं गं. तिला फक्त गोधडीला ऊन दाखवायचं होतं.

तिचा वीर, अजून रांगतोय, तो त्या एका गोधडीशिवाय झोपत नाही. आणि तो नाही झोपला की घरात कुणीच नाही. ड्रायरमध्ये टाकली की टाके उसवायचे, आत वाळत घातली की कुबट वास, आणि तो वास आला की वीर असं भोकाड पसरायचा, विचारू नकोस! म्हणून तिने मागच्या अंगणात दोरी बांधली.

लगेच नोटीस, दोरी काढा म्हणून!

कारण काय, तर त्यांची कॉलनी आहे ना, अमेरिकेतल्या त्या पार्सिपनी गावापासून तासाभरावर, तिथे व्हिक्टोरियन काळात गुरांचा मोठा बाजार भरायचा. शेणाच्या वासाने म्हणे स्टेशनमास्तर खिडकी उघडत नसे. आता लिलावाच्या जागी योगा स्टुडिओ, आणि गुरांच्या दगडी हौदात फुलझाडं. गाय औषधालाही नाही, पण हेरिटेज कमिटी आहे.

कमिटीचे चेअरमन चंद्रशेखरकाका, मूळचे नागपूरचे. वैदेहीला वाटलं, आपलाच माणूस! डबाभर शंकरपाळे घेऊन गेली. काकांनी ते शांतपणे खायला घेतले.

"भावना पोचल्या. पण बाजारात जे होतं, तेच अंगणात चालेल. वारसा आहे हा."

"काका, बाजारात दोरी नव्हती?"

काका चावायचे थांबले. "होती. गुरं बांधायला."

"मग झालं तर!"

"तुझ्या दोरीला जनावर कुठंय?"

"बकरी आणू?"

"छे छे! कुत्र्यापेक्षा मोठा प्राणी बायलॉजमध्ये बसत नाही. प्रतीकात्मक जनावर चालेल. घरातलं कोणीही सज्ञान, दिवसा घरी असणारं."

दिवसा घरी असणारं म्हणजे शंतनू. तिचा नवरा. वर्क फ्रॉम होम.

"अगं, मी टीम लीड आहे!"

"तुला रात्री झोप हवीये का नको?"

शंतनू मुकाट्याने अंगणात गेला. दोरीच्या एका टोकाला गोधडी, दुसऱ्या टोकाला हा, मध्ये लॅपटॉप. काकांनी येऊन गाठ तपासली, गळ्यात घंटा नसल्याचा शेरा मारला. मग घंटा आली. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणे, "शंतनू, प्लीज म्यूट कर." शाळेची ट्रिप आली, पोरांनी गाजरं भरवली. तो म्हणे, लंचपेक्षा बरं होतं.

पण काय सांगू, गोधडी कडक वाळली! वीर झोपला, वैदेही झोपली. आणि शंतनू तर उभ्या उभ्या, कॉलवर.

मग आला हेरिटेज डे. काका माईकवर: "बाजारात बांधलेलं जनावर सीझनअखेर विकलं गेलंच पाहिजे. न विकल्यास ते पाळीव धरलं जाईल. पाळीव प्राणी अंगणात बांधायला बंदी आहे. अर्थात दोरी काढावी लागेल."

वैदेहीला वाटलं, नाटकच तर आहे. कोण घेतंय याला?

समोरच्या मंजुषाकाकू उठल्या. त्यांचं लॉन एवढं मोठं! शंतनूभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "भांडी करतो का?"

"डिशवॉशर लावतो," वैदेही म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. "रिकामा नाही करत."

"चालेल, शिकवीन." आणि काकूंनी बोली लावली. मागून एका गोऱ्या म्हाताऱ्याने वाढवली. काकूंनी आणखी वाढवली. आकडा ऐकून शंतनू जरा ताठ उभा राहिला, पोट आत घेतलं. कंपनीने त्याला एवढे कधी देऊ केलेच नव्हते!

"काका, हे खरं खरं नाहीये ना?" वैदेहीने विचारलं.

"परंपरा प्रतीकात्मक असते," काका म्हणाले, "पावती खरी असते. हरकत असेल तर आत्ता सांग. दोरी लगेच उतरवतो."

त्यांनी हातोडा वर उचलला. एक वार... दोन वार... शंतनू वैदेहीकडे बघतोय, घंटा हळूच वाजतेय. तिच्या खांद्यावर वीर, उन्हाने ऊबदार झालेल्या गोधडीत, असा गाढ झोपलेला की तोंड उघडं. नुसतं "नको" म्हणायचं होतं. पण म्हणायचं तर मोठ्याने म्हणायला हवं, आणि मोठ्याने म्हटलं तर वीर उठणार.

सांग, तू काय केलं असतंस? अहं, नवऱ्याकडे नको बघूस. माझ्याकडे बघून सांग.